फ्रिक्वेन्सी शांत होती

त्या रात्री काहीही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. विमान वेळेवर टेकलं, प्रवासी झोपाळू डोळ्यांनी बॅगा काढून निघून गेले. पण त्याआधी, उंची सोडायला लागून चार-पाच मिनिटं झाली असताना, आठेक सेकंदांचा एक तुकडा आहे, तो माझ्या मनातून जात नाही. विमान मी उडवत होतो, रेडिओ शेजारच्या फर्स्ट ऑफिसरकडे, म्हणजे सहवैमानिकाकडे होता. आम्ही हवं त्यापेक्षा जरा उंच राहिलो होतो म्हणून मी स्पीडब्रेकचा लिव्हर मागे ओढला. पंखांवरच्या पट्ट्या उभ्या राहिल्या आणि ती ओळखीची घरघर सुरू झाली, पायाखालून चढत खुर्चीच्या पाठीपर्यंत येणारी. नेमकं तेव्हाच कंट्रोलरने आमचा नंबर घेतला आणि फ्लाइट लेव्हल 120 ला, म्हणजे साधारण 12,000 फुटांवर थांबायला सांगितलं. खालून दुसरं विमान आडवं जाणार होतं. मी रीडबॅकची, म्हणजे पोरगा ती सूचना रेडिओवर परत म्हणून दाखवेल याची वाट पाहिली. कंट्रोलरने पुन्हा हाक मारली, या वेळी आवाजाला किंचित धार होती. मी मान वळवून पाहिलं, तर पोरगा निवांत समोरच्या स्क्रीनकडे बघत बसलेला. चेहऱ्यावर घाई नाही, गोंधळ नाही. मी बटण दाबून उत्तर दिलं, ऑटोपायलटच्या उंचीच्या खिडकीत 12,000 आणलं आणि त्याच्या दंडाला हात लावला. तो दचकला. माझे ओठ हलताना त्याला दिसत होते, आवाज येत नव्हता. मग त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. तोवर त्याला वाटत होतं, फ्रिक्वेन्सी शांत आहे.

त्याने कानावर घातलं होतं ते गाणी ऐकायच्या हेडफोनचं रूपांतर होतं. आता हे बऱ्याच जणांकडे दिसतं. मऊ गाद्यांचा, हलका, भोवतालचा आवाज गिळून टाकणारा घरगुती हेडफोन घ्यायचा, त्याच्या डाव्या कपाच्या खाली जिथे गाण्याची वायर लागते तिथे माइकची दांडी खोचायची, आणि वायरच्या मध्यावर काडेपेटीएवढी एक डबी, जी विमानाच्या सॉकेटशी त्याची सोयरीक जुळवते. दिसायला नीटनेटकं काम. आवाज तर इतका स्वच्छ की कंट्रोलर बाजूला येऊन बसल्यासारखा वाटतो. पण अशा काही हेडफोनमध्ये सगळा आवाज आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधूनच कानापर्यंत जातो. आतली बॅटरी संपली की गोंगाट कमी करणं थांबतंच, वर रेडिओही थांबतो. बॅटरी संपली तेव्हा त्याच्या कानात विमानाची घरघर वाढली असणार, वाढलीच. एरवी त्याने ते ओळखलं असतं. पण त्याच क्षणी मी स्पीडब्रेक ओढला होता. वाढलेल्या आवाजाला त्याच्याजवळ रास्त कारण होतं. छतावरचा स्पीकर आम्ही, उतरताना सगळे करतात तसा, हेडसेट घातल्यावर बारीक करून टाकलेला.

त्याने हेडफोन काढला, बाजूच्या कप्प्यातला कंपनीचा जुना हेडसेट घातला, खूण करून अंगठा दाखवला. पुढचं सगळं नेहमीसारखं.

मला जे टोचतं ते याच्या आधीचं आहे. विमान गेटवर उभं असताना त्याने बॅगेतून तो हेडफोन काढला, डबीची वायर सोडवली, माइकची दांडी खोचली, हे सगळं मी पाहिलं होतं. आमच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मान्य हेडसेटची यादी आहे आणि ही वस्तू त्या यादीत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यालाही असणार. मी काही बोललो नाही. मुलगा हुशार होता, तयारी चोख होती, रात्र मोठी होती, आणि पहिल्याच दहा मिनिटांत कॅप्टनने टोकलं की पुढचे चार तास कॉकपिटमधली हवा जड होते. शिवाय, खरं सांगायचं तर, त्या मऊ गाद्यांकडे पाहून मला थोडा हेवाही वाटला होता.

हेव्याचं कारण माझ्या कवटीला माहीत आहे. उड्डाण शिकायला लागलो तेव्हा मला मिळालेला हेडसेट हिरव्या कपांचा होता, जगभरच्या फ्लाइंग क्लबमध्ये दिसतो तसा. वरची पट्टी स्टीलची, आणि तिचा दाब असा की तासाभराने कानांच्या वर दोन खोलगट वळ उठायचे. चष्मा असेल तर काड्या कातडीत रुतायच्या, आणि काड्यांमुळे गादी आणि कातडी यांत जी फट राहायची तिच्यातून इंजिन आत शिरायचं. माइकवरच्या स्पंजला माझ्याआधीच्या किती जणांच्या घामाचा आणि श्वासाचा वास होता कोण जाणे. पण त्या जड वस्तूने मला एक गोष्ट शिकवली. तिला दोन प्लग असतात, एक जाड, एक जरा बारीक. जाड ऐकण्याचा, बारीक बोलण्याचा. पहिल्याच आठवड्यात बारीक प्लग अर्धवट बसला होता आणि मी धावपट्टीच्या तोंडाशी उभा राहून टॉवरला तीनदा हाक मारली. टॉवरला काहीच जात नव्हतं. शेजारी इन्स्ट्रक्टर गप्प बसून होते. शेवटी म्हणाले, "स्वतःचा आवाज कानात येतोय का तुला?" येत नव्हता. मी तो शोधलाच नव्हता.

याला साइडटोन म्हणतात. आपण बोलतो तेव्हा आपलाच आवाज हेडसेटमधून थोडासा आपल्या कानात परत येतो. नवख्याला तो त्रासदायक वाटतो, पण पायलटच्या दृष्टीने ती पोचपावती असते: माइक चालू आहे, प्लग बसलेला आहे, मी जगाशी जोडलेला आहे. आणि तो नसेल तर माणूस नकळत ओरडायला लागतो. गोंगाटात आपण आपोआप आवाज चढवतो हे एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच कानतज्ज्ञाने 1911 साली लिहून ठेवलं आहे, आजही या परिणामाला लोंबारच्याच नावाने ओळखतात. माइकचंही तसंच. विमानातला माइक दोन्ही बाजूंनी उघडा असतो. लांबून येणारा गोंगाट दोन्हीकडून सारखाच शिरतो आणि आपसांत कापला जातो, ओठांजवळचा आवाज एकाच बाजूने जोरात येतो म्हणून टिकतो. यासाठी तो ओठांना जवळजवळ टेकलेला लागतो. माइक हनुवटीपाशी घसरलेला पायलट आणि तोंडात घास घेऊन बोलणारा माणूस, कंट्रोलरला दोघांत फरक कळत नाही. मी आजही बसल्या बसल्या पहिल्यांदा माइकची दांडी दोन बोटांनी ओठांकडे वळवतो. बोटांची सवय आहे ती, डोक्याची राहिलेली नाही.

गोंगाट कमी करणाऱ्या हेडसेटची गोष्ट मला फार आवडते, कारण ती प्रवाशाच्या खुर्चीत सुरू होते. 1978 साली बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून बोस्टनला चालले होते. विमानात दिलेल्या हेडफोनवर संगीत ऐकायचा प्रयत्न करत होते आणि इंजिनांच्या आवाजात ते बुडत होतं. आवाजाच्या उलट आवाज कानाशीच तयार करून त्याला मारता येईल का, याचं गणित त्यांनी त्याच प्रवासात मांडायला घेतलं. कल्पना अगदी नवी नव्हती, पाउल ल्युएग या जर्मन माणसाला उलट लहरींच्या युक्तीचं अमेरिकन पेटंट 1936 मध्येच मिळालं होतं. पण पायलटला बाजारात विकत घेऊन कानावर घालता येईल असं काही तोवर नव्हतं. 1986 मध्ये डिक रुटान आणि जीना येगर वाटेत कुठेही न थांबता, इंधन न भरता 9 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हा त्यांच्या 'व्हॉयेजर' विमानात असे प्रायोगिक हेडसेट होते. इतके दिवस त्या इंजिनांच्या इतकं जवळ बसून कान गमावायची भीती खरी होती. 1989 मध्ये पायलटांसाठी पहिला तसा हेडसेट बाजारात आला. प्रवाशांसाठीचे हेडफोन त्यानंतर, 2000 साली. आणि आता तीच वस्तू, डझनभर कंपन्यांच्या हातून फिरून, स्वस्त आणि मऊ होऊन, कॉकपिटच्या दारातून परत आत येते आहे. प्रवाशाच्या तक्रारीतून निघालं, पायलटच्या कानावर बसलं, प्रवाशाकडे गेलं, पुन्हा पायलटकडे आलं. फक्त या शेवटच्या फेरीत वाटेत काहीतरी गळून पडलं.

काय गळालं ते सांगण्याआधी कानांबद्दल बोलायला हवं, नाहीतर हा लेख त्या मुलावर अन्याय करेल.

दरवर्षी मेडिकलला जातो तेव्हा एका छोट्या, कापसासारख्या शांततेच्या खोलीत बसवतात. दार बंद झालं की स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकू येतो. हातात एक बटण देतात, कानात बारीक शिट्ट्या सोडतात, ऐकू आली की दाबायचं. तरुणपणी मी मधल्या पोकळीतही बटण दाबायचो, इतका आत्मविश्वास. आता 4,000 हर्ट्झच्या आसपास शिट्टी कुठेतरी हरवते. कागदावर आलेख तिथे खड्ड्यासारखा खाली जातो. गोंगाटाने झिजलेल्या कानाची हीच खूण, आणि हा खड्डा भरून येत नसतो. रात्री उशीवर डोकं टेकलं की उजव्या कानात एक अगदी बारीक तार वाजत राहते. जेट कॉकपिट कारखान्यासारखं कर्कश नसतं, पण विमानाच्या नाकावरून वाहणाऱ्या हवेचा घोष आठ-आठ तास, वर्षानुवर्षं, आणि त्याच्यावर मात करायला चढवलेला रेडिओचा आवाज, हा हिशोब कान चुकता करतातच. आवाज कमी करणारा हेडसेट घातला की रेडिओही बारीक ठेवता येतो. त्यामुळे ज्या मुलाने स्वतःच्या खिशातून मऊ हेडफोन घेतला, त्याने शौकासाठी घेतला असं मी म्हणणार नाही. त्याला पासष्टाव्या वर्षी नातवाचं बोलणं ऐकायचं आहे. आणि त्या दिवशी कंपनीने त्याला दिलेली पर्यायी वस्तू कोणती होती? कप्प्यातला तो जुना, एका कानाची गादी फाटलेला, वायर प्लगपाशी वाकली की खरखरणारा हेडसेट. प्रमाणित होता तो. अगदी शिक्क्यासकट.

मग प्रमाणित म्हणजे काय? पायलटांमध्ये यावर तावातावाने बोललं जातं. एक बाजू म्हणते, हेडसेट हा विमानाचा भागच नाही, टोपी-चष्म्यासारखी माझी वैयक्तिक वस्तू आहे, मी कोणता घालावा हे कोण ठरवणार? दुसरी म्हणते, शिक्का नसेल तर वापरायचा नाही, विषय संपला. नियमांकडे नीट पाहिलं तर दोघांनाही थोडं थांबावं लागतं. अमेरिकेत एफएएचं, म्हणजे तिथल्या हवाई वाहतूक नियामक संस्थेचं, टीएसओ-सी139 नावाचं मानक आहे. ते मुळात बनवणाऱ्यासाठी आहे: कॉकपिटच्या ध्वनी उपकरणाने किमान काय करून दाखवावं. छोट्या खासगी विमानात तिथले पायलट शिक्का नसलेले हेडसेट राजरोस वापरतात. विमान कंपन्यांच्या बाबतीत प्रश्न त्या कंपनीच्या मान्यताप्राप्त मॅन्युअलवर येऊन थांबतो. कंपनीने आपल्या पुस्तकात जे लिहिलं ते तिच्या पायलटांना कायद्यासारखंच. युरोपात मात्र मजकूर जास्त सरळ आहे. तिथल्या व्यावसायिक विमानांच्या नियमांत प्रत्येक पायलटच्या जागी माइकची दांडी किंवा गळ्यावरचा माइक असलेला हेडसेट हवाच असं म्हटलंय, आणि जी उपकरणं नियमाने हवीत ती मान्यताप्राप्त असावीत असंही. या दुसऱ्या अटीला अपवादांची यादी जोडलेली आहे. ती वाचताना मी थांबलो होतो. जादा फ्यूज, हातातला टॉर्च, घड्याळ, नकाशा धरायचा क्लिप, प्रथमोपचार पेटी, मेगाफोन, समुद्री नांगर. यांना मान्यतेचा शिक्का लागत नाही. मेगाफोनला नाही! आणीबाणीत शंभर माणसांना ओरडून बाहेर काढायचं साधन त्या यादीत आहे. हेडसेट त्या यादीत नाही.

का नसावा, याचं उत्तर मला त्या आठ सेकंदांनी दिलं. मेगाफोन बंद पडला तर लगेच कळतं. समोरचे लोक वळून बघत नाहीत, हातातली वस्तू आवाज देत नाही, माणूस ती टाकून घशाने ओरडतो. घड्याळ थांबलं तर शेजाऱ्याला विचारता येतं. हेडसेट बंद पडला तर काय होतं? शांतता होते. आणि शांतता आमच्या कामात वारंवार येणारी, अगदी साधी गोष्ट आहे. रात्रीच्या फ्रिक्वेन्सीवर मिनिट-दोन मिनिटं कोणी बोलत नाही. त्या शांततेला चव नसते, रंग नसतो. कोणीच बोलत नाहीये आणि माझ्यापर्यंत काही पोचत नाहीये, या दोन्ही शांतता कानाला एकच लागतात.

म्हणून कॉकपिटसाठी बनवलेल्या चांगल्या हेडसेटमध्ये बॅटरी संपली की फक्त गोंगाट मारणारा भाग झोपतो. रेडिओ साध्या मार्गाने कानात येत राहतो, जरा पातळ, जरा खरखरीत, पण येत राहतो. घरघर अचानक वाढते आणि तिच्यातूनही कंट्रोलर ऐकू येतो, तेव्हा पायलटला कळतं की बॅटरी गेली, आणि तो काम न थांबवता ती बदलतो. गाणी ऐकायच्या हेडफोनवर हे बंधन कोणी घातलेलं नाही, घालायचं कारणही नाही. गाणं थांबलं तर माणूस हेडफोन काढतो, संपलं. याशिवाय प्रमाणपत्रामागे बाकी चाचण्यांचं एक पुस्तक आहे, डीओ-160. त्यात उपकरणाला थंडीत आणि उकाड्यात ठेवतात, हलवतात, आदळतात, केबिनमधला दाब एकदम गेला तर काय होतं ते बघतात, त्यातून इतर रेडिओंना त्रास देतील अशा लहरी निघतात का ते मोजतात. एक चाचणी तर फक्त होकायंत्रासाठी आहे: ही वस्तू किती जवळ आणली तर सुई हलते. कानावरच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं हे आपण विसरतो. बाजूला काढून ठेवलेला हेडसेट होकायंत्रापाशी सरकला तर सुई कशी वळते हे मी शिकाऊ असताना डोळ्यांनी पाहिलंय.

या चाचण्यांत एक गोष्ट नसते. आठ तासांनी डोकं किती दुखतं, हे त्यात कुणी मोजत नाही. माझ्या मते बाकीचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

ऑक्सिजन मास्कचाही प्रश्न आहेच. कॉकपिटमधला मास्क एका हाताने, 5 सेकंदांत, चष्म्यावरूनसुद्धा चढला पाहिजे अशी अट आहे. त्याला स्वतःचा माइक असतो. सिम्युलेटरमध्ये धुराचा सराव चालू असताना एका सहकाऱ्याच्या अशाच जोडाजोडीच्या हेडफोनची ती डबी मास्कच्या नळीत गुंतलेली मी पाहिली आहे. तिथे धूर नाटकातला होता, म्हणून सगळे थांबले, वायर सोडवली, पुन्हा सुरू केलं.

उलट बाजूचंही एक सांगतो, कारण प्रमाणित आणि भारी हेडसेटनेही मला एकदा फसवलंय. 2007 मध्ये एफएएने पायलटांना सूचना दिली होती की गोंगाट कमी करणाऱ्या हेडसेटमुळे इशाऱ्याचे आवाज आणि विमानाचे इतर आवाज ऐकू येण्यात फरक पडू शकतो, तेव्हा वापरण्याआधी ते नीट पडताळून पाहा. मी पडताळलं नव्हतं. नवा हेडसेट घालून पहिल्यांदा बसलो आणि उड्डाणानंतर बराच वेळ मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. मग लक्षात आलं, चाकं आत जाऊन दारं बंद होतानाचा तो धप्प आवाज मला जाणवलाच नव्हता. दिवा विझला होता, सगळं ठीक होतं, पण इतकी वर्षं शरीर त्या आवाजाची वाट बघायचं. जुने कॅप्टन एक कान उघडा ठेवून बसायचे. डावा कप कानावर, उजवा जरा मागे सरकवून कानशिलावर. रेडिओ एका कानात, विमान आणि शेजारचा माणूस दुसऱ्या कानात. मला तेव्हा ते गबाळं वाटायचं. त्या रात्री शेजारच्या मुलाचा एक कान उघडा असता तर मी नुसतं बोललो असतो आणि त्याला ऐकू गेलं असतं.

कॅनरी बेटांवरच्या टेनेरीफच्या विमान अपघाताबद्दल प्रत्येक पायलटला शिकवतात, मीही शिकवतो. 27 मार्च 1977, धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जंबो, केएलएमचं आणि पॅन अ‍ॅमचं, त्यांची टक्कर, 583 माणसं गेली. तिथे हेडसेटचा काही दोष नव्हता. पण एक क्षण आहे, तो मला त्या रात्रीनंतर वेगळा ऐकू यायला लागला. टॉवरने उड्डाणाला निघालेल्या केएलएमच्या विमानाला थांबायला सांगितलं, त्याच क्षणी पॅन अ‍ॅमच्या विमानाने आपण अजून धावपट्टीवरच आहोत असं सांगितलं. दोन आवाज एकाच फ्रिक्वेन्सीवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' एवढा शब्द आणि त्यामागून तीन-चार सेकंदांची एक किंकाळी पोचली. निघायची घाई झालेल्या माणसाने त्या 'ओके'ला धरलं. हरवलेल्या शब्दांच्या जागी कानाने आपल्याला हवं ते भरलं. तिथे निदान किंकाळी तरी होती, काहीतरी हरवलंय हे सांगणारी. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाच्या कानात तेवढंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट लिहिला. आमच्याकडे असे रिपोर्ट शिक्षा न करता शिकण्यासाठी असतात आणि माझा त्यावर विश्वास आहे. काय झालं, कोणत्या उंचीवर, किती वेळ, कारण: यादीबाहेरचा हेडसेट, बॅटरी संपल्याने श्राव्य संपर्क तुटला. सुचवणी या रकान्यात मी मनापासून लिहिलं की कंपनीने दिलेले हेडसेट इतके वाईट आहेत की माणसं स्वतःची सोय शोधणारच. कंपनीने चांगले, हलके, प्रमाणित हेडसेट विकत घेऊन प्रत्येकाला द्यावेत किंवा विकत घ्यायला मदत करावी, आणि मग यादीबाहेरची वस्तू दारातच थांबवावी. दोन्ही एकदम करावं, एक केल्याशिवाय दुसरं करू नये. हे मला आजही शब्दन् शब्द पटतं. पण हातून पाठवायचं बटण दाबलं गेल्यावर लक्षात आलं, की हेडसेट यादीबाहेरचा आहे हे कॅप्टनला गेटवरच दिसलं होतं, हे वाक्य त्यात कुठेच नव्हतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा तोच मुलगा माझ्या रोस्टरवर आला. क्रू रूममध्ये चहाचा कप हातात घेऊन मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "त्या दिवशी तू तो हेडफोन काढलास तेव्हा मी पाहिलं होतं. बोलायला हवं होतं, बोललो नाही."

तो क्षणभर काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मी पण तुमच्याकडे बघितलं होतं. तुम्ही काही म्हणाला नाहीत, म्हणून मला वाटलं, तुम्हाला चालतंय."

मी कप खाली ठेवला. त्या संध्याकाळी उतरल्यावर मी रिपोर्टला एका ओळीची पुरवणी जोडली.

पण त्याआधी आम्ही उडालो. त्याच्या डोक्यावर कंपनीचा हेडसेट होता, फाटक्या गादीचा नव्हे, दुसरा, पण दाब तोच. निघण्याआधी त्याने प्लग एकदा बाहेर काढून पुन्हा आत ढकलला, खटका बसल्याचा आवाज मला ऐकू आला. माइक ओठांशी आणला. इंटरकॉमवर म्हणाला, "सर, येतोय का आवाज?" मी येतोय म्हणालो आणि त्याला विचारलं, स्वतःचा येतोय का? त्याने मान हलवली. तिसऱ्या तासाला तो कपाच्या कडेखाली बोट घालून कानशील चोळत होता. उतरायला लागलो तेव्हा त्याने माझ्या बाजूचा, डावा कप मागे सरकवला, कानाच्या वर एक लालसर चंद्रकोर उमटलेली दिसली. छतावरचा स्पीकर मी त्या दिवशी पूर्ण बारीक केला नाही. स्पीडब्रेकचा लिव्हर ओढण्याआधी त्याच्याकडे वळून म्हटलं, "स्पीडब्रेक घेतोय."

"हो सर," तो म्हणाला. "ऐकतोय."